दीड घटकेचे युद्ध

जगातले सर्वांत लहान युद्ध कोणते? शाळांच्या सामान्यज्ञान स्पर्धेत हा प्रश्न हमखास निघतो. एखादा चुणचुणीत विद्यार्थी ताडकन उभा राहतो, "इंग्लंड आणि झांझिबार, २७ ऑगस्ट १८९६, अडतीस मिनिटे!" असे एका दमात सांगून मोकळा होतो, टाळ्यांचा कडकडाट होतो आणि गुरुजी पुढच्या चिठ्ठीकडे वळतात. उत्तरात चूक काही नाही. कोणी अडतीस मिनिटे म्हणतात, कोणी चाळीस, कोणी पंचेचाळीस. पण जगातले सर्वांत आखूड युद्ध हा त्याचा मान आजवर कोणी हिरावून घेतलेला नाही.

मला मात्र त्या टाळ्या ऐकताना चमत्कारिक वाटते. आपल्या जुन्या मोजणीने चोवीस मिनिटांची एक घटका. म्हणजे हे युद्ध दीड घटका आणि वर पाच पळे चालले. दोन घटकांचा एक मुहूर्त धरतात. तोसुद्धा पुरता भरला नाही. एवढ्या वेळात आमच्या घरी लक्ष्मीपूजनाची तयारीदेखील होत नाही. समया घासून होतात तोवर वाती सापडत नाहीत! आणि तिकडे तेवढ्याच वेळात एक राजवाडा जळाला, एक जहाज बुडाले, एक सुलतान गादी सोडून पळाला आणि त्याच्या बाजूची सुमारे पाचशे माणसे ठार किंवा जखमी झाली. इंग्रजांच्या बाजूला काय झाले? आरमारातला एक कनिष्ठ अधिकारी जबर जखमी झाला. तो पुढे बराही झाला.

इतक्या थोड्या वेळात इतके घडते, तेव्हा त्याची तयारी काही तेवढ्या वेळात झालेली नसते. या दीड घटकेच्या मागे जवळजवळ चाळीस वर्षांची कहाणी आहे आणि तिची वाट आपल्या मुंबईवरून जाते. तीच आज वाचकांना सांगायची आहे.

लवंगांचे बेट

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ, हिंदी महासागरात झांझिबारचे बेट आहे. कच्छी आणि गुजराती व्यापारी त्याला जंगबार म्हणत. या नावातला 'जंग' युद्धाचा नव्हे. काळ्या लोकांचा किनारा अशा अर्थाचे ते जुने फारसी नाव आहे. हिवाळ्यात ईशान्येचे वारे सुटले की आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची गलबते शिडे फुगवून तिकडे निघत आणि नैर्ऋत्येचे वारे फिरले की परत येत. आगबोटी येण्यापूर्वी शेकडो वर्षे हा रस्ता वाहता होता.

मस्कतचा सुलतान सय्यद सईद याने १८४० च्या सुमारास आपली राजधानीच या बेटावर हलवली. लवंग मूळची दूर पूर्वेकडल्या मोलुक्का बेटांतली. पण झांझिबारच्या मातीत ती अशी रुजली की काही वर्षांतच जगाच्या बाजारातली बहुतेक लवंग इथून जाऊ लागली. बेटाची जकात गोळा करण्याचा मक्ता कित्येक वर्षे जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे होता. पुढे तर बाजारात आपला रुपयाच चालू लागला. आपल्या आजीच्या मसाल्याच्या डब्यातली लवंग पुष्कळदा याच बेटावरून मुंबईच्या मांडवीला उतरलेली असे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. नाहीतर सुलतानाची बाजू मांडताना मी त्याला साधुसंत ठरवतो आहे असे कोणाला वाटेल. ही लवंग गुलामांच्या हातांनी तोडली जात होती. आफ्रिकेच्या अंतर्भागातून धरून आणलेली माणसे झांझिबारच्या बाजारात गुरांसारखी विकली जात. सुलतानाचे वैभव त्यांच्या घामावर उभे होते, आणि त्या व्यापारात भांडवल गुंतवणाऱ्यांत आपले हिंदी सावकारही होते. तेव्हा या कहाणीत एक बाजू काळी आणि एक बाजू पांढरी, असा सोपा बुद्धिबळाचा पट मांडता येत नाही.

मुंबईतला राजबंदी

सय्यद सईद १८५६ मध्ये वारला. त्याच्या मुलांत वाटण्या होऊन एकाकडे मस्कत आणि माजिद नावाच्या दुसऱ्याकडे झांझिबार गेले. आणखी एक भाऊ होता बरगश. तो तडफदार होता आणि महत्त्वाकांक्षीही. १८५९ मध्ये त्याने माजिदविरुद्ध बंड केले. माजिदच्या मदतीला इंग्रज आरमाराचे लोक धावून आले, बंड मोडले आणि बरगशला हद्दपार करून पाठवले, कुठे? तर मुंबईला!

दोन वर्षे तो मुंबईत राहिला. ती मुंबई कशी होती ते आठवा. बोरीबंदरहून आगगाडी सुटू लागून सहा वर्षे झालेली, पहिल्या कापडगिरण्यांची धुराडी नुकतीच धूर सोडू लागलेली, विद्यापीठ स्थापन होऊन दोनच वर्षे लोटलेली, आणि सत्तावनचा वणवा आताशा कुठे विझलेला. इंग्रजांचे बळ म्हणजे नुसत्या तोफा नव्हेत; आगगाडी, टपाल, तारायंत्र, गोदी आणि पैसा मिळून ते झालेले आहे, हे पाहायला या शहराइतकी चांगली शाळा त्याला दुसरीकडे मिळाली नसती. १८६१ मध्ये तो परतला. त्याच वर्षी आपला गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग याच्या निवाड्याने झांझिबार मस्कतपासून कायमचे वेगळे झाले. दोन अरब भावांचे भांडण आणि निवाडा हिंदुस्थानच्या गव्हर्नर जनरलचा! झांझिबारची दोरी कोणाच्या हातात जाऊ लागली होती, हे यावरून कळावे.

१८७० मध्ये बरगश सुलतान झाला. त्याने शहराला नळाचे पाणी आणले, वाडे बांधले, आणि १८८३ मध्ये समुद्रासमोर उंच खांबांची एक भव्य इमारत उभारली. लोक तिला 'बैत-अल-अजाइब' म्हणजे आश्चर्यगृह म्हणू लागले. पण याच काळात त्याच्या दारात एक पाहुणा येऊन गेला होता, सर बार्टल फ्रिअर. हो, तेच फ्रिअरसाहेब, ज्यांच्या कारकिर्दीत मुंबईच्या कोटाची तटबंदी पाडली गेली. गुलामांचा व्यापार बंद करण्याचा करार घेऊन ते आले. बरगशने नकार दिला. मग बंदराची नाकेबंदी करण्याची धमकी आली आणि जून १८७३ मध्ये त्याने सही केली. गुलामांचा बाजार बंद झाला. काम चांगले होते यात शंका नाही. पण ते करून घेण्याची रीत लक्षात ठेवावी: आधी कागद, मग आरमार.

पुढे जर्मन आले. १८८५ मध्ये जर्मन युद्धनौकांनी बरगशच्या वाड्यावर तोफा रोखल्या आणि मुख्य भूमीवरचे त्याचे हक्क हिसकावून घेतले. पुढल्या वर्षी लंडन आणि बर्लिन यांनी नकाशा पुढे घेऊन वाटणी केली. सुलतानाकडे बेटे आणि किनाऱ्याची दहा मैलांची पट्टी उरली. १८८८ मध्ये बरगश वारला. दोन वर्षांनी, १८९० मध्ये, जर्मनीने झांझिबारवरचा इंग्रजांचा शब्द मान्य केला आणि मोबदल्यात उत्तर समुद्रातले हेलिगोलंड हे चिमुकले बेट घेतले. झांझिबार इंग्रजांचे संरक्षित राज्य झाले. संरक्षण कोणापासून, हा प्रश्न विचारायला जागा नव्हती.

गादीवर कोण?

संरक्षित राज्याच्या करारात एक अट अशी होती की नवा सुलतान इंग्रज वकिलाच्या संमतीवाचून गादीवर बसू शकणार नाही.

मराठी वाचकाला ही अट समजावून सांगण्याची गरज नाही. सातारचे छत्रपती प्रतापसिंह १८३९ मध्ये पदच्युत होऊन काशीला धाडले गेले आणि १८४८ मध्ये वारस नामंजूर म्हणून सातारचे राज्यच खालसा झाले. गादी कोणाची हे रेसिडेंटाच्या बंगल्यात ठरू लागले की राजवाडा नुसता शोभेचा उरतो. आपल्याकडची ही जुनी बखर झांझिबारात पुन्हा लिहिली जात होती, एवढेच.

बरगशला खालिद नावाचा मुलगा होता. १८९३ मध्ये सुलतान अली वारला तेव्हा खालिदने वाड्यात शिरून गादीवर हक्क सांगितला. त्या वेळचा इंग्रज वकील रेनेल रॉड याने त्याला परिणामांची जाणीव करून दिली. खालिद निमूटपणे बाहेर पडला आणि त्याचा चुलतभाऊ हमद बिन थुवैनी सुलतान झाला. रक्ताचा थेंब सांडला नाही. माझ्या मते पुढच्या अनर्थाचे एक बीज या सुखरूप प्रसंगातच आहे. इंग्रज दरडावतात, पण वाड्यावर तोफ डागत नाहीत, असा धडा त्या तरुणाने त्यातून घेतला असावा.

मंगळवार, २५ ऑगस्ट १८९६. दुपारी बाराच्या आत सुलतान हमद अकस्मात वारला. विषप्रयोगाची कुजबुज झाली. सिद्ध काहीच झाले नाही. एकोणतीस वर्षांचा खालिद तडक वाड्यात शिरला. तीन वर्षांपूर्वीची धमकी या वेळी चालली नाही. दुपारी हमदचे दफन झाले, आणि तीन वाजता नव्या सुलतानाच्या सलामीच्या तोफा झडल्या. इंग्रजांनी गादीसाठी दुसराच माणूस हेरून ठेवला होता, हमूद बिन मुहम्मद.

दोन रात्री

मुख्य इंग्रज वकील त्या वेळी रजेवर होता. त्याच्या जागी काम पाहणारा बेसिल केव्ह आणि झांझिबार सरकारचा मुख्य प्रधान म्हणून बसलेला लॉइड मॅथ्यूज या दोघांवर सगळा भार आला. सुलतानाचा प्रधान, तोही इंग्रज! सुलतानाची शिस्तबद्ध फौज उभारली होती ती याच मॅथ्यूजने. आणि आता त्यातले सुमारे ९०० झांझिबारी शिपाई इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले. वाड्यात खालिदपाशी सुमारे २,८०० माणसे जमली. त्यांतली पुष्कळशी शिपाई नव्हतीच. साधे नागरिक, वाड्यातले नोकर आणि गुलाम. थोड्या मॅक्सिम तोफा, जर्मन बादशहाने पूर्वी नजर केलेल्या दोन लहान तोफा आणि शेदोनशे वर्षांपूर्वीची एक पितळी तोफ, असा त्यांचा तोफखाना. सगळी तोंडे समुद्राकडे, इंग्रज जहाजांवर वळवलेली.

बंदरात 'फिलोमेल' आणि 'थ्रश' ही जहाजे होतीच. मंगळवारी संध्याकाळी 'स्पॅरो' आले. बुधवारी 'रकून' आले, आणि पाठोपाठ रिअर अ‍ॅडमिरल हॅरी रॉसनचे निशाण मिरवत 'सेंट जॉर्ज' ही मोठी क्रूझर. केव्हने लंडनला तार केली: समेटाचे सगळे उपाय थकले तर वाड्यावर तोफा डागण्याचा अधिकार आहे काय? उत्तर आले, त्याचा आशय असा की योग्य वाटेल ते करा, सरकार तुमच्या पाठीशी आहे. मात्र नक्की यश येईल अशी खात्री नसेल ते करू नका. वाड्यातल्या माणसांचा विचार त्या वाक्यात कुठेही नाही.

मग अखेरचा खलिता गेला. गुरुवार, २७ तारखेला सकाळी नऊच्या आत निशाण उतरवा आणि वाडा सोडा; नाहीतर तोफा सुरू होतील.

ती रात्र फार शांत गेली. अमेरिकेच्या वकिलाने लिहून ठेवले आहे की एरवी ढोलांचा आणि मुलांच्या रडण्याचा आवाज ज्या शहरात रात्रभर असायचा, तिथे त्या रात्री कसलाही आवाज नव्हता. युरोपियन बायकामुले सुरक्षित जागी हलवली होती. वाड्यातल्या बायकामुलांना हलवायला कोणी आले नव्हते.

सकाळी आठला खालिदचा माणूस बोलणे करायला आला. शरण आलात तरच बोलू, असे त्याला सांगण्यात आले. साडेआठला खालिदचे उत्तर आले की निशाण उतरवण्याचा आपला विचार नाही, आणि तुम्ही आमच्यावर गोळीबार कराल असे आम्हाला वाटत नाही. केव्हने परत कळवले की आम्हाला तशी इच्छा नाही. पण सांगितल्याप्रमाणे न वागलात तर आम्ही नक्की करू.

नऊ वाजून दोन मिनिटे

नऊचे ठोके पडले. हुकूम सुटला आणि दोनच मिनिटांत तोफा धडाडल्या. 'थ्रश'च्या पहिल्याच गोळ्याने खालिदची एक तोफ उडवली. वाडा म्हणजे किल्ला नव्हता. लाकूड, चुना आणि प्रवाळाचा दगड यांनी बांधलेली ती राहती घरे, एकमेकांना पुलांनी जोडलेली. स्फोटक गोळा भिंत फोडून आत शिरे आणि दालनात फुटे. थोड्याच वेळात जनानखान्याने पेट घेतला.

बंदरात सुलतानाचे एकमेव लढाऊ जहाज होते, 'ग्लासगो'. बरगशने इंग्लंडच्या राणीच्या आरमारातले याच नावाचे जहाज पाहून, हौसेने, तिथल्याच कारागिरांकडून तसलेच बांधून घेतले होते. चढली असेल ती समारंभाची झूल. लढाई त्याने कधी केली नव्हती. त्या सकाळी त्याने 'सेंट जॉर्ज'वर आपल्या लहान तोफा डागल्या. त्या पोलादी धुडापुढे त्या फटाक्यांसारख्याच. 'ग्लासगो' बुडाले. त्याच्या खलाशांना इंग्रजांच्याच होड्यांनी पाण्यातून वर काढले. उथळ बंदरात त्याच्या डोलकाठ्या पुढे कित्येक वर्षे पाण्याबाहेर उभ्या होत्या; येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गलबताला दिसतील अशा.

सुमारे पाचशे तोफगोळे सुटले. नऊ चाळीसच्या सुमारास वाड्यावरचे निशाण गोळा लागून कोसळले आणि तोफा थांबल्या. त्याच दुपारी हमूद सुलतान झाला.

आणि आपले लोक? ते दोन्हीकडे होते, किंबहुना कोणाकडेच नव्हते. तोफा थांबल्यावर शहरात लुटालूट माजली आणि हिंदी व्यापाऱ्यांचा मोहल्ला तिच्या तावडीत सापडला. त्या दंगलीत सुमारे वीस हिंदी माणसे मेली. बंदोबस्ताला मोंबासाहून दीडशे शिपाई आणले गेले, तेही हिंदी, शीख पलटणीचे. ज्यांचे घर लुटले ते हिंदी आणि ज्यांच्या बंदुकीने शांतता आणली तेही हिंदी. लढाई मात्र दोघांचीही नव्हती.

गोळ्यांचे बिल

या युद्धातली सर्वांत विलक्षण गोष्ट सामान्यज्ञानाच्या पुस्तकात नसते. लढाईनंतर खालिदच्या पक्षाच्या लोकांकडून दंड वसूल करण्यात आला. कशाबद्दल? लुटालुटीच्या नुकसानीबद्दल, आणि त्यांच्यावर झाडलेल्या तोफगोळ्यांच्या खर्चाबद्दल! रक्कम होती तीन लाख रुपये. ज्याचे घर पाडले त्यालाच पहारीची किंमत मागावी, तसा हा न्याय. आकडा रुपयांत आहे हे पाहून मला प्रत्येक वेळी थबकायला होते. राणीच्या छापाचे हेच नाणे त्या साली आपल्या आजोबा-पणजोबांच्या कनवटीलाही होते.

अ‍ॅडमिरल रॉसनला फार काळ विश्रांती मिळाली नाही. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८९७ मध्ये, त्याने पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनवर मोहीम नेली. ते शहर जळाले आणि तिथल्या राजवाड्यातल्या धातूच्या अप्रतिम मूर्ती युरोपच्या संग्रहालयांत गेल्या. झांझिबार हा त्या काळाच्या रोजकीर्दीतला एक छोटा खर्च होता.

घड्याळ कोणाचे?

काही वर्षांपूर्वी मी झांझिबारला गेलो होतो. आश्चर्यगृह तेव्हा उभे होते; त्याच्या दर्शनी भागी घड्याळाचा मनोरा होता. पहिल्या बांधणीत तो नव्हता. वाड्यासमोरचा जुना मनोरा तोफांनी उद्ध्वस्त केल्यावर, १८९७ च्या दुरुस्तीत, तो आश्चर्यगृहाला जोडण्यात आला. जवळच्या गल्लीत एका वृद्ध कच्छी दुकानदाराकडे लवंग घेत होतो. सकाळचे नऊ वाजले होते. तेवढ्यात दुकानातल्या पोऱ्याने हाळी दिली, "साआ तातू!" म्हणजे तीन वाजले.

माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हातारा हसला. म्हणाला, "भाई, इथे तास सूर्यावरून मोजतात. सूर्य उगवला की पहिला तास सुरू. तुमचे सात ते आमचे एक, तुमचे नऊ ते आमचे तीन. मध्यरात्री सगळे झोपलेले असताना दिवस सुरू करायचा, ही कुठली रीत?"

विषुववृत्ताजवळच्या देशात वर्षभर सूर्य सहाच्या आसपासच उगवतो. तेव्हा हा हिशोब तिथे पक्का बसतो. आपल्या घटकाही सूर्योदयापासूनच मोजल्या जात. त्यामुळे मला तो परका वाटला नाही. पण त्या क्षणी त्या खलित्यातले 'नऊ' मला निराळे दिसू लागले. खालिदच्या लोकांच्या तोंडी ती वेळ तिसऱ्या तासाची होती. नऊ वाजले होते ते जहाजांवर. मुदत इंग्रजी घड्याळाने दिली, युद्ध इंग्रजी घड्याळाने सुरू झाले आणि इंग्रजी घड्याळानेच ते अडतीस मिनिटांचे ठरले. तोफा ज्याच्या, मिनिटे त्याची.

आपण मुंबईकरांनी ही गोष्ट एकेकाळी चांगली ओळखली होती. १९०६ मध्ये सरकारने साऱ्या हिंदुस्थानला एकच प्रमाणवेळ लावली, तेव्हा मुंबईची स्थानिक वेळ तिच्या एकोणचाळीस मिनिटे मागे होती. गिरणीकामगारांपासून नगरपित्यांपर्यंत लोक खवळले. आमच्या सूर्याची वेळ बदलणारे तुम्ही कोण, असा तो सूर होता. मुंबईच्या नगरपालिकेने आपली 'मुंबई टाइम' विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नेटाने चालवली. एकोणचाळीस मिनिटांसाठी एवढा हट्ट कशाला, असे आज कोणाला वाटेल. हट्ट मिनिटांचा नव्हताच.

युद्ध संपले केव्हा?

निशाण कोसळण्याआधीच खालिद चाळीसेक माणसांनिशी निसटून जर्मन वकिलातीत शिरला होता. इंग्रजांनी दाराबाहेर पहारा बसवला. बाहेर पाऊल टाकले की पकडायचे. जर्मनांनी त्याला हवाली करायचे नाकारले, मात्र तो झांझिबारच्या भूमीवर पाय ठेवणार नाही एवढा शब्द दिला. तो शब्द त्यांनी कसा पाळला पाहा! २ ऑक्टोबरला 'सीअ‍ॅडलर' हे जर्मन लढाऊ जहाज आले. भरतीचे पाणी वकिलातीच्या बागेच्या फाटकाशी चढले, जहाजाची होडी फाटकाला लागली आणि खालिद बागेतून थेट होडीत उतरला. झांझिबारच्या मातीला त्याचा पाय लागला नाही. पहारेकरी पाहत राहिले.

पुढे तो जर्मनांच्या दार-ए-सलाममध्ये राहिला. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, इंग्रजांच्या हाती लागला; त्याची रवानगी सेशेल्सला आणि जिथे नेपोलियनचा अंत झाला त्या सेंट हेलेनालाही झाली. अखेरीस त्याला पूर्व आफ्रिकेत परतू दिले आणि १९२७ मध्ये मोंबासाला तो मरण पावला. बाप मुंबईत दोन वर्षे राजबंदी होता. तो परतून सुलतान झाला. मुलाच्या वाट्याला तीन दिवसांची गादी आणि एकतीस वर्षांचा वनवास आला. त्याचे युद्ध किती मिनिटांचे म्हणायचे?

हमूदने १८९७ मध्ये गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेतली. इंग्रजांच्या पदरात हे पुण्य घालायला माझी हरकत नाही. पण भरपाई मिळाली ती मालकांना, आणि रखेल म्हणून ठेवलेल्या गुलाम स्त्रियांना या कायद्याचा लाभ व्हायला १९०९ साल उजाडले. लवंगेचे मळे अरबांकडे, दुकाने हिंदी लोकांकडे आणि कष्ट आफ्रिकी माणसाकडे, ही उतरंड तशीच राहिली. १९३७ मध्ये लवंगेच्या व्यापाराचा मक्ता बांधून हिंदी व्यापाऱ्यांना बाजूला सारणारे कायदे आले, तेव्हा राष्ट्रसभेने झांझिबारच्या लवंगेवर बहिष्कार पुकारला आणि १९३८ मध्ये तडजोड होईपर्यंत तो चालला. मुंबईच्या बाजाराने लवंगेवाचून दिवस काढले. १० डिसेंबर १९६३ रोजी झांझिबार स्वतंत्र झाले आणि महिनाभरात, १२ जानेवारी १९६४ रोजी, आफ्रिकी जनतेच्या उठावाने सुलतानशाही बुडाली. त्या उठावात अरब आणि हिंदी कुटुंबांवर जे गुदरले ते पुष्कळांनी पिढ्यान्‌पिढ्या उराशी जपले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये झांझिबार आणि टांगानिका मिळून आजचा टांझानिया झाला.

आश्चर्यगृहाने तोफा सोसल्या, पण काळ सोसला नाही. २५ डिसेंबर २०२० रोजी, दुरुस्ती चालू असतानाच, त्याचा मोठा भाग ढासळला आणि दोघांचा बळी गेला.

इतिहासाला या सगळ्या नाट्यातली नावे ठाऊक आहेत: केव्ह, मॅथ्यूज, रॉसन, हमूद, खालिद. पाचही जहाजांची नावे नोंदलेली आहेत. पहिला गोळा कोणत्या जहाजाने टाकला तेही लिहून ठेवले आहे. पण त्या वाड्यात कोण कोण होते? मशाल धरणारे, पाणी भरणारे, जनानखान्यातल्या दासी, हातात जुनी बंदूक देऊन भिंतीशी उभे केलेले मळ्यातले गुलाम, ज्यांना ना सुलतानाने विचारले होते ना साहेबाने. त्यांची गणती झाली ती गोळाबेरीज, 'सुमारे पाचशे' अशी. मिनिटे मात्र नेमकी मोजली, अडतीस.

या दिवाळीत चिवड्याच्या आणि मसालेभाताच्या खमंग वासात लवंगेचा वास येईल. तिचा रस्ता पुष्कळ जुना आहे आणि त्या रस्त्यावर ही माणसे आहेत, एवढे आपण ध्यानात ठेवावे.